घोळ

पैलवानांची मांडी मोजताना टेप पुरायचा नाही,
असं अण्णा सांगायचे.
खोटं असणार.
पण गंगावेशीतला तो एक मला आठवतो,
कान मोडलेला, हातात दुधाची किटली,
पायरीवरच उभा राहून लाजत म्हणाला,
"बॉटम चोवीस ठेवा की मास्तर,
सगळी पोरं तशीच घालत्यात."
आणि अण्णा, ओठांत टाचण्या धरून,
"पैलवान, वर तुमची मांडी, खाली चोवीसचा घोळ,
ही पँट न्हाई, तंबू हाय."

तरी शिवली.
शेवाळी टेरिकॉट.
तो महाद्वार रोडनं चालला
की मागं रस्ता झाडल्यासारखा दिसायचा.

मी आठ वर्षांची, आणि "मी दुकानात जातो" म्हणायचे.
आमच्याकडं पोरी तशाच बोलायच्या.
लग्न होऊन नाशकाला गेल्यावर सासरचे हसले,
तेव्हा कळलं.

खेळणी दुकानातनंच यायची.
रिकाम्या रिळांची चाकं,
टिक्करच्या चौकटींना झिजलेला खडू,
आणि ओव्हरकोटाचं एक मोठं बटण,
दोन भोकांतनं दोरा ओवून, पीळ देऊन ओढलं
की गुंगुं करत राहायचं, माशीपेक्षा जाड,
मशीनपेक्षा बारीक.
अण्णा म्हणायचे, बंद कर, माप चुकतंय.
रमाकांतला उद्यमनगरातनं जुनी बेअरिंगं मिळायची.
त्याच्या गाडीवर तो मला पुढं बसवायचा,
लाडानं नाही,
ब्रेक म्हणून.

मग एका दिवाळीला घोळ संपला.
कुणी ठरवलं, माहीत नाही.
चतुर्थीपर्यंत ऐटीत फिरणारे
पँटी काखेत मारून रांगेत उभे,
"मास्तर, बारीक करून द्या."
अण्णांनी उसवल्या, कापल्या.
एका पायाचे चार तुकडे, एका पँटचे आठ,
सगळे तिकोनी.
आठ दिवसांत पोतं भरलं.

त्यातनं माझ्या बाहुलीला सोळा कळ्यांचा घागरा झाला.
मुजावर पोस्टमनची डाळिंबी,
बँकेतल्या शिरगुप्पे साहेबांची चॉकलेटी,
नंदू हुलस्वारची मोतिया, जी त्यानं
फक्त स्वतःच्या साखरपुड्याला घातली होती
(मुलीकडच्यांनी नंतर नकार कळवला).
बाहुली गरकन फिरवली
की पेठेतले सगळे बापय
एकदम फिरायचे.

शेवाळी तेवढी नव्हती त्यात.
पैलवान आलाच नाही.

आला तो पुढच्या उन्हाळ्यात.
किटली नव्हती. गुडघ्याचं काहीतरी झालेलं,
तालीम सुटलेली.
तीच पँट. म्हणाला, "वरनं जरा घ्या मास्तर."
अण्णांनी मांडीला टेप लावला,
आणि आकडा मोठ्यानं बोलले नाहीत.
नेहमी बोलायचे. मी वहीत लिहून घ्यायचे.
त्या दिवशी स्वतःच लिहिला.
वर कापलं. खालच्या घोळाला
हात लावला नाही.
पैसेही घेतले नाहीत, बहुतेक.
तुकडे लांबट निघाले, घागऱ्यात बसेनात.
मी त्यांची उशी केली,
बाहुलीला उशी लागत नव्हती तरी.

आता दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात.
मशीन रमाकांतच्या गच्चीच्या खोलीत आहे,
माहेरी आले की मी तेल घालते.
परवा त्याचा शर्विल जिना चढून आला,
अंगात नवी कोरी, जमिनीवर लोळणारी पँट.
"आत्या, उंची कमी कर ना थोडी.
घोळ तसाच ठेव हं, आता हीच फॅशन आहे,
तुला नाही कळणार."

खाली बसले. गुडघा माझाही वाजला.
घोट्यापाशी टेप गुंडाळला.
बावीस.
दोन इंच कमीच की रे, म्हणाले मी,
पण ओठांत टाचण्या होत्या,
त्याला नुसतं गुंगुं ऐकू गेलं.