दर गुरुवारी, बावीस प्रती

चिलोएच्या आडोशाला आमची सात बेटं,
आणि बोलायच्या दोन रीती.
म्हातारे पत्रानं बोलतात:
एकानं लिहायचं, मी कार्बन घालून बावीस प्रती काढायच्या,
गुरुवारच्या लाँचनं बावीस दारांत.
पोरं धक्क्यावरच्या शेडची भिंत रंगवतात,
खडूनं, कोळशानं, एकदा तर होडीच्या उरलेल्या निळ्या रंगानं.
ज्याला वाचायचंय त्यानं यावं, उभं राहावं.

म्हातारे भिंतीकडं फिरकत नाहीत: गुडघे.
पोरं पाकीट उघडत नाहीत: आळस.
दोन हिवाळ्यांपूर्वी एलेउतेरिओच्या गाईचं वासरू आडवं आलं.
"कुणाला जमतं?" असं भिंतीवर पहाटेपासून लिहिलेलं,
आणि ज्या एकट्या माणसाला जमतं
तो पलीकडच्या बेटावर चुलीशी बसून
गुरुवारची वाट बघत होता.
गाय वाचली.

तेव्हा मी म्हटलं, मी करते.
टपालाचं टेबल माझं, शेडची किल्ली माझी.
भिंतीवरचं पत्रात उतरवीन, पत्रातलं भिंतीवर.
त्यात काय एवढं.

पहिल्याच महिन्यात घोडं पेंड खायला लागलं.
भिंतीवरचं मी पत्रात घातलं,
पत्रातलं म्हणून तेच पुन्हा भिंतीवर,
तिथून पुन्हा पत्रात.
ओर्तेन्सियाचा हरवलेला एक मेंढा
तीन आठवड्यांत चार मेंढे झाला.
लोक दोन होड्या घेऊन शोधायला निघाले.
ओर्तेन्सिया म्हणाली, सापडले तर चारही माझेच.

मग मी उतरवलेल्या मजकुराच्या कोपऱ्यात
एक बारकासा मासा काढू लागले.
मासा दिसला की समजायचं:
हे मीच आणलंय, परत न्यायचं नाही.

पुढं उत्तरांचा घोळ.
भिंतीवर उत्तर प्रश्नाच्या खालीच असतं, बाण काढून.
पत्रातलं उत्तर येतं आठवड्यानं, एकटं, ओल खाल्लेलं:
"हो. पण दोर तुझा आण."
कशाला हो? कुणाला हो?
म्हणून आकडे घातले. एक्केचाळीसचं उत्तर एक्केचाळीसखाली.
माझा एक आणि माझा सात जुळ्या भावांसारखे दिसतात
हे मला साठाव्या वर्षी कळलं,
तेही असं कळलं:

सत्तेचाळीस: सफरचंदाचं झाड वाटेवर पडलंय, बैल घेऊन कुणी येईल का?
एक्केचाळीस: नोल्बेर्तो बार्रिआ, भिंतीवर, कोळशानं,
नऊ वर्षं न बोललेल्या थोरल्या भावाला:
मी आलो तर दार उघडशील?

दोराचं उत्तर म्हाताऱ्या सेगुंदोचं होतं, झाडासाठी.
मी ते एक्केचाळीसखाली लिहिलं.
नोल्बेर्तोनं ते वाचलं, पुन्हा वाचलं,
माझ्याच दुकानातून वीस हात दोर घेतला, उधारीवर,
आणि वल्ही उचलली.

आबेलार्दोनं दार उघडलं.
"दोर कशाला?"
"तूच म्हणालास."
दोघं उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभे, दोर मध्ये.
भरती चढत होती, शेवटी दोघांनी मिळून त्यानं होडी बांधली.
सेगुंदो तिकडं बैल जुंपून दुपारपर्यंत बसला.
झाड अजून वाटेवरच आहे, पोरं त्यावरून उड्या मारतात.

पुढच्या गुरुवारी एक पाकीट आलं.
आबेलार्दोचं अक्षर, तारीख आधीची,
तेव्हाची लाँच चुकलेली.
वर स्वच्छ एक्केचाळीस.
आत एकच शब्द: नको.

माझं काम उतरवायचं, निवडायचं नाही,
हे मीच सगळ्यांना बजावून सांगितलं होतं.
पाकीट टेबलाच्या खालच्या खणात आहे,
गोंदाच्या डब्याखाली.
दर गुरुवारी बावीस प्रती काढताना गुडघा त्या खणाला लागतो.

कुणी विचारलंच तर दाखवीन.
कोपऱ्यात मासा काढून ठेवलाय.