गोल कोपरा

सोमवारी सुकुमारने पहिली रेघ मारली
आणि तिच्यावरच पेन्सिल आडवी ठेवून म्हणाला, 'ही नाही.'
आमच्याकडची बहुतेक कामं अशीच सुरू होतात.

विश्रामबागेत, पिठाच्या गिरणीवरचं ऑफिस.
खाली दळण चालू असलं की वर सरळ रेघ थरथरते,
गहू असेल तर कमी, हळकुंडं असतील तर जास्त.
सुकुमार चौगुले, मी,
आणि कॉलेजातून नुकतीच आलेली तस्लीम,
जिचं प्रत्येक वाक्य अजून 'म्हणजे, सर' पासून निघतं
आणि बऱ्याचदा तिथंच थांबतं.

काम : हरिपूरच्या रस्त्याला एक अंगणवाडी.
जागा साडेचार गुंठे, कडेला चिंच,
आणि शेजारच्या भिंतीवर, माझ्या खांद्याच्या उंचीला,
एकोणीस सालच्या पाण्याची रेघ.
ती आम्ही मारलेली नव्हती.
तिच्यावर पेन्सिल ठेवून 'ही नाही' म्हणता येईना.

सुकुमार म्हणाला, खांबांवर उचलू. तीन मीटर.
पाणी आलं तर खालून निघून जाईल,
घाईतल्या पाहुण्यासारखं, चहा न घेता.
मी म्हणाले, आणि तीन वर्षांचं पोर? अठरा पायऱ्या?
'रॅम्प.'
एकास बारा, म्हणजे छत्तीस मीटर, मी हिशोब मांडला,
वर पोचेपर्यंत पोरं पहिलीत जातील.
'म्हणजे, सर...' तस्लीम म्हणाली,
आणि आम्ही दोघांनी मिळून तिला बोलू दिलं नाही.

गुरुवारपर्यंत बटर पेपरचे सात थर झाले.
कालचं भांडण आजच्या कागदाखाली फिकट दिसत राहायचं.

शुक्रवारी मॉडेल घेऊन गेलो.
पुठ्ठ्याच्या भिंती, अगरबत्तीच्या काड्यांचे खांब,
चंदनाचा वास येत होता आमच्या संकल्पनेला.
मालन कोळेकर, तिथली मदतनीस.
तिने मॉडेल टेबलावरून उचलून फरशीवर ठेवलं,
समोर उकिडवी बसली, पदर खोचला,
जणू आता झाडूनच काढणार.

'पाणी येनार म्हनलं की आमी आदल्या दिशीच निघतो, बाई,
पोरं, तांदूळ, वजनकाटा घिऊन.
पान्याचं काय न्हाई. पानी जातंय.
गाळ ऱ्हातोय. कोपऱ्यात.
खराटा पोचत न्हाई, मग सांडशीनं खरवडायचा.
दसऱ्यापतूर वास हुता.
तुमी कोपरं ठेवताच कशाला?'

पाच वर्षं कॉलेज, बावीस वर्षं धंदा,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
कोपरा कुणी काढत नाही.
दोन भिंती भेटल्या की तो आपला होतो,
आणि आपण तिथं कपाट दाखवतो.

परतताना सुकुमार गाडीत गप्प होता.
पुलावर म्हणाला, 'खांब सुंदर होते.'
होते, म्हणाला. अजून उभेही नव्हते.

रात्री भडंगाचा पुडा फोडला, भांडण नव्यानं लागलं.
उतार किती, पाणी कुठल्या दारानं बाहेर काढायचं,
भिंत खांद्यापर्यंत कशाची, वर कशाची.
सुकुमारचं तेलकट बोट आठव्या कागदावर टेकलं
आणि त्या डागातून आरपार
दिसली सोमवारची रेघ.
साधी जमिनीची रेघ होती ती.
तो तिच्याकडे पाहत राहिला, दाणे चघळत.
कबूल काही केलं नाही. डाग मात्र पुसला नाही.

'म्हणजे, सर,' तस्लीम म्हणाली,
'मी मगाशी दस्तगीर मिस्त्रींना फोन केला.
गोल कोपरा जमेल का, विचारलं.
ते म्हणाले, त्यात काय, थाळी धरून फिरवतो गिलावा.
फक्त थाळी कुठली ते सांगा,
जेवायची, का परात.'

खालची गिरणी केव्हाच बंद झाली होती.
साडेअकराला आम्ही तिघं
डब्याचं झाकण कागदावर ठेवून
पुन्हा भांडू लागलो.