पंचवीसची जुडी

सतरावा दिवस. सिव्हिलच्या बाकावर बसून
काचेतनं आतले श्वास मोजते.
पंचवीस झाले की एक जुडी.
बोटांना दुसरं माप ठाऊक नाही,
चाळीस वर्षं विड्या वळल्यात.

मशीनचे श्वास सगळे एका मापाचे,
एकही छाटात जायचा नाही.
कारखान्यातला चेकर खूश झाला असता.
माझा मात्र जीव लागत नाही त्यांच्यात.

ताप गेला, फुप्फुसं साफ झाली, डॉक्टर म्हणाले.
मग नळी का निघत नाही?

तनझीला मॅडम माझ्याशेजारी टेकली.
बरगड्यांच्या खाली एक पडदा असतो मावशी, स्नायूचा.
तो खाली ओढला की हवा आत येते.
आता ओढायचं काम मशीन करलालीय,
म्हणून तो पातळ झालाय.
किती पातळ, विचारलं
तर तिनं ओढणीचा काठ दोन बोटांत धरला.
राजमल्लू असता बोलता, तर म्हणाला असता,
कितीच्या नंबरचं सूत आहे, ते सांगा.

मला लगेच समजलं.
सासरे खड्ड्यातल्या मागावर बसायचे.
दंड असे, की लग्नात बाजूबंद बसला नव्हता.
साखर पेठेत करंटवरचे माग आले
आणि पुढच्या दसऱ्याला
सदऱ्याच्या बाह्या लोंबायला लागल्या.
कुणी मारलं नव्हतं त्यांना.
काम तेवढं काढून घेतलं होतं.

सकाळी मशीन बाजूला करतात,
अर्धा तास त्याच्या त्यानं घ्यायचा.
पहिल्या दिवशी अकरा मिनिटं.
खांदे कानांपर्यंत आले,
गळ्याच्या शिरा पोहऱ्याच्या दोरासारख्या ताणल्या,
एका मिनिटात दीड जुडी मोजली मी,
सगळी तोकडी, सगळी वरवरची.
परत जोडलं.
त्याची नजर माझ्याकडे आली
आणि पंख्याकडे गेली.

बाहेर त्रेचाळीस डिग्री.
डब्यातली कडक भाकरी आणखी कडक झाली.
शेंगाचटणीचा वास हाताला होता
म्हणून सिस्टरनं दोनदा हात धुवायला लावले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनं एक नळकांडं आणलं,
आत पेनात असते तशी स्प्रिंग.
गळ्याच्या नळीला लावलं.
श्वासानं जोर लावला तरच झाकण उघडणार.
सहा श्वास, मग विसावा. असं पाच वेळा.
आज नऊवर ठेवते, म्हणाली, उद्या अकरा.

तीस वर्षं जॉबर होता तो.
अशोक चौकापर्यंतच्या कारखान्यांत
कुठल्या मागाची कुठली स्प्रिंग ढिली,
रस्त्यावरून ऐकून सांगायचा.
गळ्याला भोक, आवाज नाही.
त्यानं उजवा अंगठा आणि बोट जुळवलं
आणि हवेत हळूच फिरवलं:
अर्धा आटा अजून.

मॅडम हसली. नको काका, घाई नको.
त्यानं परत फिरवलं.
तिनं पाव आटा दिला.

मी कानाजवळ गेले.
ऊपिरी तीस्कोंडी, म्हटलं.
श्वास घ्या, एवढंच,
पण आमच्या घरच्या बोलीत.
झाकण उघडल्याचा टक् असा आवाज आला.
मग बराच वेळ काही नाही.
मग टक्.

आज बाविसावा.
दिवसपाळीतले दोन तास त्याचे,
रात्रपाळी अजून मशीनकडं.
नळी कधी निघेल ते कुणी सांगत नाही
आणि मीही विचारायचं सोडलंय.

दुपारी त्याचे त्यानं घेतलेले मोजले:
एक लांब, एक आखूड,
एक मधेच अडलेला, खोकल्यात वाकलेला,
दोन चांगले, परत एक वाकडा.
चेकरनं निम्मे छाटले असते.
मी सगळे धरले,
पंचवीस झाल्यावर
पदराचा एक धागा ओढून
बोटाभोवती गुंडाळला.