निळ्यांची मोजणी

तबसच्या डोंगरातून याकूबअलीची पिशवी आली
आणि अख्ख्या मजल्यावर वास सुटला.
दोन दारांपलीकडून रखवालदार ओरडला,
फरंगीसबाई, काय मेलंय तुमच्या खोलीत?

काही मेलेलं नाही. तीच तर अडचण आहे.

बाटलीत, गुलाबी पाण्यात, सदतीस अंशांवर
एका चौदा वर्षांच्या मुलाचं रक्त अजून वाढतंय.
मुलगा गेला माझ्या जन्माआधी, कुठल्याशा परक्या देशात.
त्याच्या पेशींना कुणी कळवलंच नाही.
दर दोन दिवसांनी दुप्पट होतात,
मी अर्ध्या फेकते,
उरलेल्यांना खाऊ घालायला येते शुक्रवारीसुद्धा.
आईला वाटतं, इथं माझं कुणीतरी आहे.

हिंगाचं झाड पाच-सात वर्षं नुसत्या पानांवर काढतं,
मग एकदाच, पुरुषभर उंच, पिवळं फुलतं
आणि उभ्या उभ्या वाळून जातं.
त्याआधीच याकूबअली त्याचं मूळ कापतो,
जखमेवर दगडाची सावली करतो,
चार दिवसांनी येऊन चीक खरवडतो, पुन्हा कापतो.
माल जातो समुद्रापार, कुणाकुणाच्या फोडणीला.
आमच्या गावात त्याला हिंग लावून कुणी विचारत नाही.

तो चीक मी वाळवला, कुटला, अल्कोहोलमध्ये भिजवला,
काचनळीतून थेंब थेंब वेगळा केला.
तीन आठवड्यांनी चिमूटभर पांढरी भुकटी उरली.
तिला वास नव्हता.

अठ्ठेचाळीस तासांनी निळा रंग टाकला.
जिवंत पेशी निळ्याला आत घेत नाही, दार लावून बसते.
मेलेली अडवत नाही.
अंगठ्याखाली मोजणीचं बटण,
निळी, निळी, पांढरी, निळी.
फुगे येऊन, आवरतं घेऊन, बारीक तुकडे होऊन,
जशी विसरलेली गोष्ट
कुणी कानाशी येऊन सांगावी.

रात्री याकूबअलीचा फोन.
नात गुलनेसा, नऊ वर्षांची, मशहदच्या वॉर्डात.
मुळाचा रस द्यावा का, बाई? चमचा की वाटी?

नाही म्हटलं. काही देऊ नका.
सलाईनमधून जातंय तेच जाऊ दे,
त्यातलंही एक औषध फुलझाडाचंच आहे,
फक्त त्याला तिच्या नसेपर्यंत यायला
कितीतरी माणसांची आयुष्यं लागली.
माझ्या दुसऱ्या बाटलीत निरोगी रक्त होतं, चाचा.
मात्रा वाढवली तर तेही निळं पडलं.

पलीकडे फक्त वारा.
मग म्हणाला, मग माझी पिशवी मागवली कशाला?

मला उत्तर जुळवता येईना.
तोच पुढे बोलला,
वसंतात आणखी पाठवतो. दोन झाडं तेवढी
यंदा कापणार नाही.
पोरीनं हिंगाचं फूल पाहिलेलं नाही.

आज शुक्रवार. जिना रिकामा.
बाटली उजेडात धरली, अर्ध्या फेकल्या,
उरलेल्यांना ताजं पाणी घातलं.
लिंबू चोळलं, मीठ चोळलं,
बोटांचा वास काही जात नाही.