उटी

आडगावच्या ट्रक टर्मिनलला, चहाच्या गाड्यामागे,
खेताराम मागच्या चाकाखालची उटी काढत होता
आणि माझी नजर तिथंच अडकली.
डोक्याएवढा ओंडका, डांबरानं काळा झालेला.
बाडमेरहून निघालेला,
चौदा वर्षं घाटाघाटांत सोळा टनांना
‘थांब’ म्हणत आलेला.
“खेजडी है,” तो म्हणाला.
म्हणजे आपली शमी.
बदल्यात सागाची नवी पाचर दिली
आणि दोन किलो द्राक्षं.
येताना स्कूटर सारखी डावीकडे ओढत होती.

घरी बादलीत टाकून पाहिला.
धड बुडाला नाही, तरंगलाही नाही,
नखभर डोकं वर ठेवून बसून राहिला,
रामकुंडात पहिल्यांदा उतरलेल्या
कोरड्या मुलखातल्या माणसासारखा.

सातपूरला एकतीस वर्षं लोखंड कातलं मी.
आमटीत मीठ किती विचारलं तर
“पाच शतांश कमी” म्हणायचो,
इंदुमती कधी हसली नाही.
आजा कातारी होता. पाळण्याचे खूर, भोवरे, लाटणी.
वडिलांनी मला आयटीआयला घातलं,
म्हणजे लाकडातून सोडवलं
असं त्यांना वाटलं.

ज्यानं जन्मभर फिरणं अडवलं
त्यालाच चकात आवळून फिरवायचं.
पहिल्या दिवशी नुसता हातानं फिरवला,
ओळख व्हावी म्हणून.
दुसऱ्या दिवशी मोटर.

सागाची ढलपी लांब निघते, वेणीसारखी.
याचं नुसतं पीठ.
जांभळट, बारीक, भुवयांवर बसणारं.
वासही नाही, तापल्या तव्याचा तेवढा.
अकरा वेळा हत्यार पाजळलं.
अकराव्यांदा त्यानं जरा वाट दिली,
आत शिरलो,
आणि टण्.

ठिणगी उडाली. पटाशीचा दात गेला.
लाकडाच्या ऐन गाभ्यात खिळा.
चौकोनी, घणानं घडवलेला,
वर्षावर्षाची कडी त्याच्याभोवती मिटलेली
आणि सगळीकडे निळीशार शाई पसरलेली,
जखमेला जणू लिहिता येत होतं.

“शमीत शस्त्रं असायचीच,” इंदुमती म्हणाली
आणि पीठ झाडायला केरसुणी घेतली.

खेतारामला फोन लावला. तो धुळ्याच्या पुढे कुठेतरी.
“बकरी बांधी होगी किसीने,” हॉर्नमधून ओरडला,
“या भगवान को.”
रेंज गेली.

भोक बुजवता आलं असतं.
हल्लीची पोरं रंगीत राळ ओततात, काचेसारखी.
मी खिळा काढला आणि भोक राहू दिलं.
भिंत तीन सूत जाड ठेवली,
मग अडीच,
मग हात थांबला. का ते माहीत नाही.
मायक्रोमीटर खिशातच होता.

तांबट आळीतला विठोबा आला, सवयीनं टिचकी मारून पाहिली.
“बोलतंय,” म्हणाला.
पाणी ओतायला तांब्या उचलला
तर मी मनगट धरलं.
“गळतं.”
“मग भांडं कसलं हे, नदीच्या गावात?”

याला काय सांगू.
पाण्यासाठी ज्याचं मूळ
विहिरीहून खोल गेलं असेल,
त्याला आता पाणी धरायला लावू?
तहानेचाच आकार आहे हा, विठोबा,
तो रिकामाच बरा दिसतो.
असलं काही मी म्हणालो नाही.
“शोभेचं आहे,” म्हणालो.
त्यानं चहा मागितला.

रात्री मेण कोमट करून तळहातानं चोळलं.
वैशाखात देवाला लावतात तशी,
चाकाखालच्या उटीला ही उटी.
डांबराखालून रंग वर आला,
पिकल्या करवंदाचा.

टेबलावर ठेवलं. बूड गोल राहिलं होतं,
एकतीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती.
भांडं डुललं, कडेकडे निघालं.
हाताशी दुसरं काही नव्हतं.
तोच खिळा
हळूच त्याच्याखाली सारला.