त्या घटकेपासून

गुड फ्रायडेला असोळण्यात घंटा मुकी असते.
लाकडाची मातराक तेवढी खडखडत जाते रस्त्यानं,
बिजागरी सुटलेल्या दारासारखी.

लुडोविनाबायच्या बाल्कांवात तिघी बसल्या होत्या,
आणि मी पेजेचं भांडं घेऊन पायरीवर,
आत जावं की थांबावं, अशी.

वाद एका ओळीचा होता.
क्रुसावरचा मुलगा खाली उभ्या आईला सांगतो,
हा बघ, आता हा तुझा.
आणि बाजूच्या शिष्याला, ही तुझी आई.
एवढंच.
मरणाऱ्याला जास्त बोलायला दम कुठला.

सिल्व्हेरिनबाय इगर्जेत फुलं बदलते. ती म्हणाली,
तो शिष्य म्हणजे आपण सगळे गं.
त्या दुपारी ती साऱ्या जगाची आई झाली.
आणि हात असा पसरला
की त्यात साळ नदी आली, खाजनं आली,
माझं पेजेचं भांडंही आलं.

शोशाम्मा, थोरली सून, कोट्टयमच्या जुन्या सुरियानी घरातली.
ती हळू बोलते, पण मागे सरत नाही.
दुसरं पोटचं असतं
तर परक्याच्या हाती कशाला दिली असती?
एकच होता. म्हणून.
आमच्यात हे पोरांनाही ठाऊक असतं.

व्हिव्हियाना धाकटी लेक, आता बिलिव्हर.
गळ्यातला क्रूस काढून तिला सहा वर्षं झाली,
मडगावला हॉलमध्ये प्रार्थनेला जाते.
तिच्या पुस्तकात ती ओळ पिवळ्या पेनानं रंगवलेली.
भाऊ होते, म्हणाली, नावांसकट दिलेत.
पण त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता तेव्हा,
म्हणून त्यांच्याकडे नाही सोपवली.
बाकी यात गूढ काही नाही.
आईची सोय लावून गेला. चांगला मुलगा लावतो तशी.

सोय म्हटल्यावर
तिघी एकदम मातराक ऐकू लागल्या.

थोरला कुवेतला. शोशाम्माचं विमान रविवारी.
व्हिव्हियानाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.
मधला काशियानो तारवटी.
जानेवारीत बॅग खांद्याला लावून
फाटकाशी माझ्या नवऱ्याला म्हणाला,
सगुणबाब, मांयक पळय.
सगुणनं मान हलवली.

मान त्यानं हलवली.
पेज मी शिजवते.

खोटं कशाला बोलू, मला ती नको होती.
अंग जड, कान हलके,
रात्री दोनदा हाक,
आणि माझ्या कढीला रोज नाव ठेवणारी.

व्हिव्हियानानंच दिलेली मराठी प्रत आहे घरी, फुकटची.
परवा रात्री ती जागा शोधून काढली.
तिघी भांडतात त्याच्या पुढचं वाक्य वाचलं.
त्या घटकेपासून शिष्यानं तिला आपल्या घरी नेलं.
आणि पुस्तक लगेच पुढे,
तहान, आंबेचा स्पंज, सगळं संपलं म्हणणं.
मी मात्र तिथंच.

त्या शिष्याला बायको होती का?
दारात उभं करून काय सांगितलं त्यानं तिला?
खाट कुठं टाकली?
आणि त्या माउलीला,
कालच पोर गेलेलं,
परक्या घरात मिठाचा डबा मागताना
काय वाटलं असेल?
यावर कुठल्या पंथाची सभा भरल्याचं
मी तरी ऐकलं नाही.

तेवढ्यात आतून हाक आली,
शेवंते!
तिघींच्या माना वळल्या.
पेज मागीर. पयलीं तें भांडें हाड.

मी पेज सिल्व्हेरिनबायच्या हातात दिली.
गरम आहे, म्हटलं, खालून धरा.
ती धरायला तिचे दोन्ही हात लागले.