चौथी पाळी

वुचच्या कापडगिरणीत तीन पाळ्या चालत.
आम्ही खाली, कोळशाच्या तळघरात.
म्हणून नाव चौथी पाळी.
बोगुमिलकडे ड्रम नव्हते,
रंगाची दोन रिकामी पिंपं होती
आणि बहिणीच्या लग्नात आलेलं एक पातेलं.
तेक्लाच्या गिटारला चारच तारा.
उरलेल्या दोन आणायला गेली त्या हिवाळ्यात
दुकानात नुसतं व्हिनेगर.

पहिल्या कार्यक्रमाला एकोणीस माणसं,
त्यातली अकरा उठून गेली.
एकाने पैसे परत मागितले,
तिकीट नव्हतंच तरी.

सेन्सॉरच्या बाईंनी गाण्यांचे शब्द मागवले.
शब्द कुठले?
कोरा कागद दिला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला,
शिक्का मारला.
अजून आहे माझ्याकडे.

मग एकदा बोगुमिलची आई आली.
सव्वीस वर्षं मागावर, दोन्ही कान गेलेले,
ओठांवरून बोलणं ओळखायची.
स्पीकरवर तळहात टेकून
शेवटपर्यंत उभी. कोट अंगावरच.
आम्ही थांबलो तशी ओरडली
(हळू बोलणं तिला जमतच नसे):
"डावीकडच्या मागाचा पट्टा ढिला आहे!"

डावीकडे मी होतो.

घरी जाऊन बेसची तार आवळली.
तेव्हापासून आमचं बिघडत गेलं,
म्हणजे लोकांना आवडू लागलं.
रेडिओवर चार मिनिटं. पोझनानला चक्क टाळ्या.
पुढच्या शरदात बँड मोडला.

तेक्ला हॅम्बुर्गला गेली, तिथे दात बसवते.
स्टेशनवर म्हणाली होती,
ढिलाच बरा होता रे.